निम्मी कर्जखतं

दिघीच्या दत्तगडावर गर्दी होते ती गुरुवारी. दत्ताचा वार म्हणून होते हे खरं, पण हे कारण अर्धंच. भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारीच असते. विजेचा भार वाटून घ्यायला औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार लावून दिले गेले, त्यात या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. वीजखात्याने कागदावर नेमलेला वार आणि दत्ताचा वार असे एकत्र आले. त्यामुळे पायऱ्यांवर बायकांच्या हातातली फुलांची परडी आणि कालच्या सेकंड शिफ्टची झोप डोळ्यांत असलेली पोरं एकाच वेळी दिसतात. काही जण दर्शन घेऊन लगेच उतरतात. काही जण मात्र देवळाच्या मागे माळाकडे तोंड करून नुसते बसून राहतात. त्यांना कोणी विचारत नाही आणि तेही काही सांगत नाहीत.

दिघी हे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेलं गाव. संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा इथे आहे, लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि दारूगोळ्याचं कोठारही आहे. आळंदी रस्त्यावरच्या मॅगझीन चौकाचं नाव त्यावरूनच पडलं. कोठाराभोवतीच्या रेड झोनमध्ये कागदोपत्री बांधकामाला बंदी आहे. तरी गुंठा-दोन गुंठ्यांवर घरं उठायची ती उठलीच. लष्कराच्या कुंपणाआतला माळ तेवढा मोकळा राहिला. म्हणजे आसपासच्या दहा गावांत डोंगर पोखरून इमारती उभ्या राहत असताना इथल्या शांततेची राखण दारूगोळ्याने केली. अर्थात शांतता म्हणायची तीही बेताचीच. लोहगावच्या धावपट्टीवरून सुखोई उडालं की ध्यान लावून बसलेल्यांचेसुद्धा डोळे उघडतात.

गडावर हौशी माणसांनी झाडं लावली, पाण्याचे कॅन खांद्यावर वाहून ती जगवली. त्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण असा खुरट्या गवताचा माळ ‘उजाड’ धरायचा आणि झाडांनी भरून टाकायचा, ही पुण्याच्या टेकड्यांना जडलेली जुनी खोड आहे. चंडोल, गप्पीदास, तितर यांना झाडी नको असते, माळच हवा असतो. निसर्गाच्या सान्निध्यात जायचं म्हणजे हिरव्यात जायचं, अशी आपली समजूत. या समजुतीवर सध्या एक मोठा व्यवसाय उभा आहे.

त्याच्या जाहिराती या पट्ट्यातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात. मुळशीच्या पाण्याकाठी, पवनेच्या काठी, कामशेतजवळच्या शेतघरात दोन रात्रींचं आत्मशोध शिबिर. सकाळी अनवाणी चालणं, दुपारी ‘वनस्नान’, संध्याकाळी तिबेटी वाटग्यांच्या नादात आडवं पडणं, पौर्णिमा असेल तर चांदण्यातलं वर्तुळ. कुठे कुठे मध्य अमेरिकेतून आलेल्या कोकोचा कडू पेला हातात देऊन ‘हृदय उघडण्या’चा विधीही असतो. आणि शेवटच्या रात्री शेकोटी: आपली भीती, आपला राग, आपल्याला अडवणारी गोष्ट कागदावर लिहायची आणि तो कागद विस्तवात टाकायचा. कंपन्यांचे मनुष्यबळ विभागही हल्ली आपल्या मॅनेजर मंडळींना बसमध्ये घालून तिकडे धाडतात. टार्गेटच्या खाली दबलेली माणसं दोन दिवस झाडाखाली बसतात आणि सोमवारी त्याच टार्गेटपाशी परततात.

या सगळ्याची नुसती टिंगल करायची म्हटली तर अवघड नाही. पण मला तेवढ्यावर थांबवत नाही. जपानच्या वनखात्याने १९८२ साली जंगलात निवांत वेळ घालवण्याचा कार्यक्रम अधिकृतपणे पुढे आणला. पुढे तिथल्या डॉक्टरांनी त्याचा रक्तदाबावर, झोपेवर, ताणावर काय परिणाम होतो ते तपासलं आणि काहीएक फायदा होतो असं त्यांना आढळलं. शिवाय आपला हा भाग या बाबतीत नवशिका नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं आणि योगाला प्रयोगशाळेत नेऊन बसवलं. १९७४ पासून कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम होता, तिथे अर्धं युरोप रडायला-ओरडायला येत असे. माणसाला अधूनमधून घराबाहेर पडून स्वतःपाशी बसावंसं वाटतं, ही गरज कोणा जाहिरातदाराने निर्माण केलेली नाही. माझं अडतं ते त्या शेकोटीपाशी. तो कागद जळला की नक्की कोणाचं काय सुटतं?

हा प्रश्न पडायचं कारण असं की दिघीपासून फार लांब नाही अशा एका डोंगराशी आणि एका नदीशी अशाच एका कागदाची गोष्ट जोडलेली आहे.

शके १५५१-५२, म्हणजे इसवी सन १६२९ ते ३१ या काळात दख्खनला मोठा दुष्काळ पडला. देहूचं मोरे घराणं तेव्हा खाऊन-पिऊन सुखी. महाजनकी, दुकान, सावकारी असा त्यांचा पसारा होता. त्या घरातला विशी ओलांडलेला तरुण या दुष्काळात सगळं गमावून बसला. पैसा गेला, बाजारातली पत गेली, पहिली बायको रखमा अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला. तुकोबांनी आपल्या अभंगांतून हे स्वतः सांगितलं आहे, कोणताही आडपडदा न ठेवता. त्यानंतर तो तरुण उठला आणि भामगिरीवर जाऊन बसला. आजचा भामचंद्र डोंगर तो हाच: चाकणच्या पश्चिमेला, शिंदे-वासुली गावांच्या डोक्यावर. वर कातळात कोरलेल्या जुन्या गुहा आहेत, महादेव आहे. तिथे तो उपाशी बसला, साप-विंचवांनी छळलं तरी हलला नाही आणि पंधराव्या दिवशी त्याला जे भेटायचं होतं ते भेटलं, असं परंपरा सांगते.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही शिबिराच्या माहितीपत्रकात शोभेल. दुःख, डोंगर, एकांत, साक्षात्कार. पुढचा भाग मात्र माहितीपत्रकात येत नाही.

धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत डोंगरावर पोहोचला. दोघे खाली आले. इंद्रायणीच्या काठी बसून तुकोबांनी घरातली कर्जखतं मागवली. लोकांनी मोरे सावकारांकडून घेतलेल्या पैशांचे ते कागद. दुष्काळात होरपळलेल्या गावात त्या कागदांना काय किंमत होती हे वेगळं सांगायला नको. कोणाची शेतं, कोणाची जनावरं, कोणाची पुढची दहा वर्षं त्यांत अडकलेली होती. तुकोबांनी त्या कागदांचे दोन भाग केले. एक भाग भावाला दिला: तुला संसार आहे, तुझा वाटा तू ठेव. दुसरा भाग, आपला, नदीत सोडून दिला.

मला या गोष्टीतलं ते ‘निम्मी’ फार मोलाचं वाटतं. सगळीच खतं बुडवली असती तर ती एका झपाटलेल्या माणसाची कृती ठरली असती. साक्षात्काराच्या भरात माणूस दुसऱ्याच्या वाट्याचाही त्याग करून मोकळा होतो, आणि घरचे आयुष्यभर तो फेडत बसतात. इथे डोंगरावरून उतरलेल्या माणसाने आधी हिशेब केला. माझं किती, तुझं किती. जे माझं त्यावरच माझा अधिकार. आणि जे बुडवलं ते आपलं भय नव्हे, आपला राग नव्हे. दुसऱ्याकडचं येणं बुडवलं. त्या दिवशी देहू परिसरातली काही कुटुंबं सकाळी कर्जदार होती, संध्याकाळी नव्हती. विधी म्हणतात तो हा. मुळशीतल्या शेकोटीत कागद टाकणाऱ्या मॅनेजरच्या हाताखाली वर्षानुवर्षं कंत्राटावर ठेवलेली माणसं असतात. त्यातल्या एखाद्याचंही नाव त्या कागदावर लिहिलं जात असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

डोंगरावरून आल्यावर तुकोबांनी आणखी एक केलं. पूर्वजांनी बांधलेलं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते हातांनी दुरुस्त करायला घेतलं. एकांत संपला तो दगडमातीच्या कामात. पुढेही ते डोंगरावर जात राहिले. भंडारा तर देहूहून चालत गाठण्याजोगा, शिवाय घोरावडेश्वर. जायचे आणि परत यायचे. यातला एकही डोंगर घरापासून तुटलेला नव्हता. तिन्ही ठिकाणी तुकोबांच्याही कितीतरी आधी कोणीतरी कातळ कोरून बसलेलं होतं. घोरावडेश्वरची, म्हणजे शेलारवाडीची, लेणी बौद्ध भिक्षूंची, भंडाऱ्यावरही त्यांच्या खुणा आहेत. पावसाळ्यात प्रवास थांबवून डोंगरात राहायचं आणि खालच्या गावात भिक्षा मागायची, ही त्यांची रीत. म्हणजे डोंगरावरचा एकांत दोन हजार वर्षांपासून खालच्या गावाच्या चुलीवर चालत आलेला आहे.

तुकोबांच्या बाबतीत ती चूल दुसऱ्या बायकोची, आवलीची. जिजाबाई हे तिचं नाव, पुण्याच्या गुळवे सावकारांची लेक. सावकाराच्या घरात वाढलेली, सावकाराच्या घरात दिलेली, आणि नवऱ्याने खतंच बुडवली. ती भाकरी बांधून भंडारा चढायची, वाटेत काटा मोडला तेव्हा विठ्ठलाने येऊन काढला, अशी कथा कीर्तनात रंगवून सांगतात. श्रोते विठ्ठलाकडे बघतात. मला ती भाकरी दिसते. घरात पीठ असेल-नसेल, लेकरं पदराला ओढत असतील, ते सगळं आवरून ऊन चढायच्या आत कोणीतरी तो डोंगर चढत होतं, म्हणून वर कोणाला तरी तहानभूक विसरता येत होती. आवलीला कजाग ठरवण्यात आपण तीनशे-साडेतीनशे वर्षं घालवली. ती चिडत होती हे खरंच असणार. तिने चिडू नये असं काय घडत होतं?

मुळशीतल्या एका शिबिराच्या संयोजकाला मी फोनवर विचारलं, स्वयंपाक कोण करतं? गावातल्या ताई करतात, म्हणाला; अगदी चुलीवरचं, पिठलं-भाकरी, लोकांना तेच आवडतं. त्या वर्तुळात बसतात का? तो हसला. नाही, त्यांना भांडी असतात.

आता भामचंद्राकडे. चाकणचा औद्योगिक पट्टा पसरत पसरत या डोंगराच्या पायथ्याला भिडला. खालुंब्रे, सावरदरी, वासुली, शिंदे, भांबोली ही गावं आज टेम्पो आणि कंटेनरच्या रांगांसाठी ओळखली जातात. याच शिंदे-वासुलीत डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीला संशोधन केंद्रासाठी सुमारे शंभर एकर जागा देण्यात आली होती. भोपाळच्या युनियन कार्बाइडला याच डाऊने २००१ साली पोटात घेतलं होतं. २००८ च्या सुरुवातीपासून गावकऱ्यांनी रस्ता अडवला. रसायनं सुधा नदीत उतरतील, सुधा इंद्रायणीला मिळते, आणि इंद्रायणी देहू-आळंदीला जाते, हा त्यांचा साधा भूगोल होता. बंडातात्या कराडकरांच्या नेतृत्वाखाली वारकरी उतरले, निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील उतरले. जुलै २००८ मध्ये बांधकामाच्या जागेवर जाळपोळ झाली. टाळ वाजवणाऱ्या हातांनी हे करावं का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: साधनेची जागा वाचवायची म्हणजे नदी वाचवायची, नदी वाचवायची म्हणजे सरकारशी भांडायचं, हे त्या लोकांना कोणी शिबिर घेऊन शिकवलं नव्हतं. डाऊला शेवटी तिथून काढता पाय घ्यावा लागला.

डोंगरावरच्या गुहांतून आजही काही साधक राहतात. त्यांत चांगली शिकलेली तरुण मुलंही आहेत. ज्ञानेश्वरी, गाथा यांचा अभ्यास, नामस्मरण, खाली जाऊन आणलेलं अन्न. रात्री त्यांना समोर कारखान्यांचे दिवे दिसतात, शिफ्ट सुटल्याचे भोंगे ऐकू येतात. तुकोबांना इथून चाकणचा भुईकोट दिसत असेल. डोंगराखालून वाहणारं पाणी जिथे जातं त्या आळंदीत इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. कार्तिकीला आलेले वारकरी तो फेस हाताने बाजूला सारून बुडी मारतात. पात्रात जे सोडलं जातं ते सांडपाणी आणि रसायनं या पट्ट्यातल्याच वस्त्यांची, या पट्ट्यातल्याच कारखान्यांची. मन स्वच्छ करायला माणसं मुळशीला जातात, आणि त्यांच्या शहराचं पाणी आळंदीला येतं.

आळंदीत एकांताचा आणखी एक नमुना बघायला मिळतो, अगदी कोरडा, बिनसजावटीचा. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षं फुकट शिक्षण आणि पोटासाठी मधुकरी. झोळी घेऊन दारोदार जायचं, मिळेल ते खायचं. भल्या घरचा मुलगा असला तरी दारात उभं राहून हाक घालायला लागतो तेव्हा त्याचा ताठा कुठल्याही शेकोटीपेक्षा लवकर वितळतो. वारीबद्दल मी इथे लांबण लावत नाही. दर ज्येष्ठात आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघीच्या मॅगझीन चौकातून पुण्याला जाते, आणि त्या सकाळी इथलं प्रत्येक घर चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू घेऊन रस्त्यावर उभं असतं. चालणाऱ्यांचं पुण्य किती आणि उभ्यांचं किती, हा हिशेब तिथे कोणी करत नाही.

आळंदीच्या पुढे मरकळ. तिथे विपश्यनेचं धम्मानंद केंद्र आहे. आजच्या भाषेतलं ‘रिट्रीट’ ज्याला खरोखर म्हणावं असं मला या पट्ट्यात हेच दिसतं. या केंद्रांमागचे सत्यनारायण गोएंका हेही मूळचे व्यापारीच, म्यानमारमध्ये जन्मलेले. अर्धशिशीने हैराण होऊन ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, विद्या शिकले, १९६९ साली भारतात आले. १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं. नियम सगळीकडे तेच. दहा दिवस. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांहून जास्त बैठक, रात्री साडेनऊला दिवे बंद. आर्यमौन. मोबाइल नाही, पुस्तक नाही, वही-पेन नाही. जपमाळ, उदबत्ती, आपापले विधी बाहेर ठेवायचे. नव्या साधकाला संध्याकाळी चहा आणि फळ, जेवण नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, चौथ्या दिवशी मूळ विद्या मिळते.

आणि फी नाही. राहण्याची नाही, जेवणाची नाही, शिकवण्याची नाही. दान घेतात तेही एक शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच. म्हणजे तुम्ही जे जेवता ते आधी येऊन गेलेल्या कोणीतरी तुमच्यासाठी ठेवलेलं असतं, आणि तुम्ही ठेवाल ते पुढच्याच्या ताटात जाईल. वाढणारे, झाडणारे, घंटा वाजवणारे धम्मसेवक हेही पूर्वी बसून गेलेले साधकच. आवलीचा प्रश्न इथे निदान कोणाच्या तरी डोक्यात होता. मोबदला घेऊन देणारा आणि पैसे मोजून घेणारा हे नातंच काढून टाकलं, की ‘मला पैशाच्या मानाने अनुभव आला नाही’ अशी तक्रारही उरत नाही.

विपश्यना सगळ्यांना झेपते असं मात्र नाही. अर्जात मानसिक आजारांबद्दल विचारतात, तिथे खरं लिहावं. दहा दिवसांच्या मौनात आतलं काय वर येईल ते सांगता येत नाही, आणि ते हाताळायला आचार्य तरी असतात. दोन दिवसांच्या शिबिरात वाटगे वाजवणारा माणूस तुमच्या जुन्या जखमेवरची खपली काढतो, तुम्ही ढसाढसा रडता, रविवारी चारला चेक-आउट होतं. सोमवारी ती जखम घेऊन तुम्ही कोणाकडे जायचं? याचं उत्तर ज्या संयोजकाकडे नसेल त्याच्याकडे जाऊ नये, हे मी ओळखीच्यांना स्पष्ट सांगतो.

मरकळच्या केंद्राबद्दल मला विचारत होता तो चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेला, दिघीत चौघांत एक खोली करून राहणारा मराठवाड्यातला मुलगा. रात्रपाळीने झोप मोडलेली, डोकं सतत भणभणतं. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. कोणीतरी मित्र जाऊन आला होता.

“काका, खरंच एक रुपया घेत नाहीत?”

“नाही घेत.”

तो मनात आकडेमोड करत होता. शिबिराचे दहा दिवस, त्याआधी पोहोचण्याचा एक, सुटण्याचा एक. ठेकेदाराकडे हजेरी तेवढाच पगार. बारा खाडे, वर खोलीचं भाडं चालूच. आणि बारा दिवसांनी जागा राहील याची खात्री कोणी देत नाही; गेटबाहेर माणसं उभीच असतात. सरकारी नोकराला विपश्यनेसाठी रजा मिळते हे मी त्याला सांगितलं नाही. दिवाळीत कंपनी बंद असते तेव्हा जावं, असं त्याच्या मनात होतं. पण तेव्हाच गावाकडे सोयाबीन निघालेलं असतं, आई वाट बघते, आणि तेही दिवस दहा भरत नाहीत.

“पाच-पाच दिवस दोनदा नाही चालत का?”

चालत नाही, मी म्हणालो. पहिले तीन दिवस तर श्वासावरच जातात, खरं काम त्यानंतर सुरू होतं.

“मग बघतो,” म्हणून त्याने ठेकेदाराच्या सुपरवायझरला फोन लावला, आणि बारा दिवसांऐवजी आधी सातच मागितले.